‘गेम ऑफ थ्रोन्स’चे कथानक, पात्रे आणि चाहत्यांचा राग : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही वेस्टेरॉस या काल्पनिक खंडातल्या राजगादीच्या भांडणाची इंग्रजी मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली आणि आठ पर्वे व ७३ भाग पूर्ण करून १९ मे २०१९ रोजी संपली. सोलापुरात ती पाहणारे आम्ही काही जण त्या काळात संध्याकाळी भुईकोट किल्ल्याच्या बागेत बसून तावातावाने वाद घालत असू. आता आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेली मुले ही मालिका पहिल्यांदा पाहतात आणि नेमके तेच प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाला नव्याने समजावण्यापेक्षा उत्तरे एकदाच लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप. कोण मरते, कोणाला कोण मारते आणि शेवटी राजा कोण होतो, हे पुढे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. ज्यांचे पाहणे अर्ध्यावर आहे त्यांनी इथेच थांबावे.

मालिका संपून इतकी वर्षे झाली, तरी तिच्यावरचा वाद का मिटत नाही?

शेवट दुःखद झाला म्हणून लोक रागावले, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. पण ते खरे नाही. याच प्रेक्षकांनी पहिल्या पर्वात नायक मानलेल्या माणसाचा शिरच्छेद पचवला होता आणि तिसऱ्या पर्वात एका लग्नाच्या मांडवात झालेली कत्तलही. तेव्हाही ते रडले, चिडले, काहींनी मालिका सोडण्याच्या शपथा घेतल्या, पण पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा पडद्यासमोर हजर होते. शेवटच्या पर्वातला राग वेगळा आहे. जे घडले ते का घडले याचा हिशेब लागत नाही, अशी ती तक्रार आहे.

सोलापुरात हे समजावणे सोपे जाते. चादरीवर दिसणारे फूल विणकर ऐन वेळी सुचले म्हणून काढत नाही; मागावरच्या जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके आधीच पाडलेली असतात, आणि फूल उमटू लागते तेव्हा ते अचानक आल्यासारखे वाटले तरी त्याची सोय कधीच होऊन गेलेली असते. या मालिकेची पहिली चार पर्वे अशी विणलेली आहेत. शेवटच्या दोन पर्वांत फुले तीच राहिली, पण मधले बरेच पुठ्ठे गाळले गेले, असे माझे मत आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत ते पुन्हा डोकावेल.

नेड स्टार्कला पहिल्याच पर्वात मारण्याची गरज होती का?

होती. नेड हा उत्तरेतल्या स्टार्क घराण्याचा प्रमुख आणि राजाचा प्रधान. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागापर्यंत प्रेक्षक असे धरून चालतो की जाहिरातीत सिंहासनावर बसलेला, नावाजलेल्या नटाने साकारलेला माणूस कसाबसा सुटेल. नेडने राजद्रोहाचा कबुलीजबाब दिला आहे आणि त्याला उत्तर सीमेवरच्या भिंतीवर पहारेकरी म्हणून पाठवायचे ठरले आहे. इतक्यात पोरसवदा राजा जॉफ्री हुकूम फिरवतो.

पण त्या क्षणाचे मूळ जॉफ्रीच्या लहरीत नाही. राणी सर्सीची मुले राजाची नसून तिच्या भावाची, जेमीची, आहेत हे बिंग फुटल्याचे नेड स्वतः तिला जाऊन सांगतो आणि मुलांना घेऊन पळून जाण्याची संधी देतो. ज्याच्यावर विश्वास ठेवू नये अशा लिटलफिंगर या दरबाऱ्याच्या भरवशावर तो शहराचे शिपाई आपल्या बाजूचे समजतो. प्रत्येक पायरीवर तो सज्जनपणाने वागतो आणि प्रत्येक पायरी त्याला चौथऱ्याकडे नेते. म्हणूनच दुसऱ्यांदा पाहताना हा मृत्यू धक्का राहत नाही. नेड आता तरी गप्प बसेल, असे वाटून आपणच खुर्चीच्या कडेला येतो.

‘लाल लग्ना’चा धक्का एवढा मोठा का होता?

तिसऱ्या पर्वाचा नववा भाग २ जून २०१३ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. नेडचा मुलगा रॉब स्टार्क याने नदी ओलांडण्याची वाट मिळावी म्हणून तिथला सरदार वॉल्डर फ्रे याच्या एका मुलीशी लग्न करण्याचे वचन दिले होते. पुढे त्याने प्रेमापोटी टलीसाशी लग्न केले. त्या अपमानाची भरपाई म्हणून रॉबच्या मामाचे लग्न फ्रेच्या मुलीशी ठरते, स्टार्क मंडळी पाहुणे म्हणून जातात, यजमानाची भाकरी आणि मीठ खातात, आणि जेवणावळ आटोपल्यावर दारे बंद होतात. वादक लॅनिस्टर या शत्रूच्या, म्हणजे सर्सीच्या, घराण्याचे गाणे वाजवू लागतात. रॉबच्या आईला, कॅटलिनला, शेजारी बसलेल्या, रॉबच्याच बाजूचा मानला जाणाऱ्या सरदार रूस बोल्टनच्या बाहीखाली चिलखत जाणवते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मराठी माणसाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणे ही आपल्याकडे निव्वळ म्हणण्याची गोष्ट नाही. वेस्टेरॉसमध्येही भाकरी-मीठ खाल्लेल्या पाहुण्याला यजमानाने हात लावणे हे सर्वांत मोठे पाप मानले जाते. फ्रेने पाहुणे मारले याहीपेक्षा त्याने मीठ घातल्यानंतर मारले, ही गोष्ट प्रेक्षकांच्या जिव्हारी लागली. मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी या प्रसंगामागे स्कॉटलंडच्या इतिहासातील दोन घटना असल्याचे सांगितले आहे : १४४० मधले ‘काळे भोजन’ आणि १६९२ मधले ग्लेन्को येथील हत्याकांड. दोन्हींत पाहुणचाराचा विश्वासघात आहे.

आणि लग्नाच्या करारावरून युद्ध होणे आम्हा सोलापूरकरांना अजिबात परके वाटू नये. ज्या भुईकोट किल्ल्याच्या बागेत बसून आम्ही रॉबला दोष देत होतो, तो किल्लाच सोळाव्या शतकात हुंड्यात अडकला होता. विजापूरच्या आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि दोन घराण्यांत वर्षानुवर्षे लढाया होत राहिल्या. पुढे चांदबीबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा हाच किल्ला हुंडा म्हणून उलट दिशेने विजापूरकडे गेला. रॉबचे वचनभंग करणे ही कोवळ्या वयातली चूक होती, असे म्हणणाऱ्या मित्राला आमच्यातल्या एकाने या तटाकडे बोट दाखवून गप्प केले होते.

पुस्तके वाचलेल्यांना हे सगळे आधीच माहीत होते का?

लाल लग्नाचे प्रकरण असलेला तिसरा खंड २००० साली प्रसिद्ध झाला होता, म्हणजे वाचकांनी हे गुपित १३ वर्षे पोटात ठेवले. अनेकांनी तर त्या रात्री आपल्या न वाचलेल्या मित्रांना समोर बसवून त्यांच्या चेहऱ्यांचे गुपचूप चित्रीकरण केले आणि ते जगभर पाहिले गेले. प्रेक्षकांची प्रतिक्रिया हाच स्वतंत्र करमणुकीचा विषय होण्याची ही ठळक सुरुवात म्हणता येईल. पाचवा खंड २०११ साली आला. सहावा आलाच नाही, आणि सहाव्या पर्वापासून मालिका बऱ्याच अंशी पुस्तकांच्या पुढे निघून गेली. तेव्हापासून वाचक आणि न-वाचक एकाच रांगेत उभे राहिले. वाचकांना ते फारसे रुचले नाही, हे आमच्यातल्या दोन वाचकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असे.

जॉन स्नो परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होते, मग दहा महिने चर्चा कसली झाली?

पाचव्या पर्वाच्या शेवटी, १४ जून २०१५ रोजी, भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा नायक झालेल्या जॉनला त्याच्याच साथीदारांनी भोसकले. तो उठला १ मे २०१६ रोजी, सहाव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात. मधल्या काळात निर्माते आणि नट किट हॅरिंग्टन ठामपणे सांगत होते की जॉन मेला आहे, आणि चाहते हॅरिंग्टनचे केस किती वाढले आहेत यावर लक्ष ठेवून होते, कारण केस कापलेले दिसले असते तर जॉन खरोखर गेला असे मानता आले असते. पुढे हॅरिंग्टनने खोटे बोलल्याबद्दल माफीही मागितली.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे जॉनच्या आईवडिलांचा तर्क. तो नेडचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार यांचा मुलगा आहे, हे वाचकांनी पहिल्या खंडानंतर थोड्याच काळात, गेल्या शतकातच ताडले होते. मालिकेने ते सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात, २६ जून २०१६ रोजी दाखवले. निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस मालिकेची परवानगी मागायला गेले तेव्हा मार्टिन यांनी त्यांना जॉनची आई कोण, हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनी बरोबर उत्तर दिले होते. चाहत्यांचा तर्क वीस वर्षांनी खरा ठरावा आणि तरीही कोणाला कंटाळा येऊ नये, यातच पूर्वीच्या विणीची ताकद दिसते. तर्क करता येत होता, कारण धागे मांडलेले होते.

होडोरच्या प्रसंगाचे मराठीत काय करायचे?

काही करता येत नाही. होडोर हा नेडचा मुलगा ब्रॅन याला पाठीवर वाहून नेणारा, ‘होडोर’ एवढेच बोलणारा नोकर; ब्रॅनला वाचवण्यासाठी दार धरून ठेवताना तो मरतो, आणि ती हाक लहानपणीच त्याच्या डोक्यात शिरलेली असते. ‘होल्ड द डोअर’ या तीन शब्दांचा घासून घासून ‘होडोर’ होतो, ही गंमत आणि ती वेदना इंग्रजीच्या उच्चारातच आहे. ‘दार धरून ठेव’ म्हटल्याने अर्थ पोहोचतो, नाव पोहोचत नाही. ज्या घरांत तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच दिवसात कानांवर पडते, अशा आमच्या गावातल्या प्रेक्षकांनाही इथे इंग्रजीलाच शरण जावे लागले. एका मैत्रिणीने आपल्या आजीला हा प्रसंग तेलुगूत सांगून पाहिला; आजींनी शांतपणे विचारले, की मग त्या पोराला आयुष्यभर आपले मरण ठाऊक होते का? इतका नेमका प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. हा खुलासा मार्टिन यांनी निर्मात्यांना आधीच सांगितलेला होता, आणि सहाव्या पर्वात पुस्तकाबाहेर गेल्यावरही जो भाग सर्वांना पटला तो हा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सान्सा आधी नावडती होती, मग इतकी आवडती कशी झाली?

पहिल्या पर्वातली सान्सा ही नेडची थोरली मुलगी, राजपुत्राच्या स्वप्नात रमलेली तेरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या धाकट्या बहिणीच्या, आर्याच्या, हातात तलवार असल्यामुळे प्रेक्षकांनी सान्साला भोळी, भित्री, कधी कधी तर घरभेदी ठरवले. खरे तर दरबारात जिवंत राहण्याची कला तिने सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत पक्की शिकली. ती तलवार चालवत नाही, ऐकते आणि लक्षात ठेवते.

तिच्या बाबतीत दोन आक्षेप मात्र खरे आहेत. पाचव्या पर्वात, मे २०१५ मध्ये, तिचे रूसच्या क्रूर मुलाशी, रॅमसे बोल्टनशी, लग्न आणि त्या रात्रीचा अत्याचार दाखवला गेला. पुस्तकात हा भोग दुसऱ्याच मुलीच्या वाट्याला आहे. अमेरिकेतील एका महिला सिनेटरने त्यानंतर आपण मालिका सोडत असल्याचे जाहीर केले. दुसरा आक्षेप आठव्या पर्वातील आहे : लिटलफिंगर आणि रॅमसे यांच्याशिवाय आपण आयुष्यभर ‘चिमणी’च राहिलो असतो, अशा अर्थाचे वाक्य तिच्या तोंडी आहे. अत्याचाराने माणूस घडतो, असे सुचवणारे हे वाक्य अनेक स्त्री प्रेक्षकांना मुळीच मान्य झाले नाही, आणि त्यांचे बरोबर होते. तरीही ती उत्तरेची राणी होते, तेव्हा शेवटच्या भागात जवळजवळ सर्वांनी मान्य केलेला तो एकच निकाल होता.

जेमी सर्सीकडे परत गेला, हे पात्राला धरून नाही का?

जेमी हा सर्सीचा जुळा भाऊ आणि प्रियकर. परत जाणे धरून आहे. ज्या वाक्यानिशी तो गेला ते नाही. पहिल्याच भागात दहा वर्षांच्या ब्रॅनला खिडकीतून ढकलणारा हा माणूस तिसऱ्या पर्वातल्या स्नानगृहाच्या प्रसंगात ब्रिएन या लढवय्या स्त्रीला सांगतो, की वेड्या राजाला आपण का मारले : तो अख्खे शहर जाळायला निघाला होता. लाखो निरपराधांसाठी आपल्या नावाला कायमचा कलंक लावून घेतलेला माणूस, अशी त्याची ओळख तिथून बदलते. पुढे आठव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात तोच ब्रिएनला सरदारकीची दीक्षा देतो, आणि आमच्या मते तो संपूर्ण पर्वातला सर्वांत सुंदर प्रसंग आहे.

मग पाचव्या भागात तो धाकट्या भावाला, टिरियनला, सांगतो, की निरपराध लोकांची आपल्याला कधीच फारशी फिकीर नव्हती. व्यसनी माणूस सुधारतो आणि पुन्हा घसरतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण हे एक वाक्य तिसऱ्या पर्वातल्या कबुलीला खोटे पाडते. तो स्वतःशीच खोटे बोलत होता, असा बचाव काही जण करतात. त्यासाठी दिग्दर्शकाने एखादी नजर, एखादा थांबा तरी द्यायला हवा होता.

अंधारातल्या लढाईत खरोखर काही दिसत नव्हते का?

मृतांच्या फौजेशी झालेल्या लढाईचा, आठव्या पर्वाचा तिसरा भाग ८२ मिनिटांचा आहे आणि त्यासाठी ५५ रात्री चित्रीकरण झाले. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी सांगितले की दोष चित्रणाचा नाही, लोकांच्या टीव्हीच्या मांडणीचा आणि प्रसारणात दाबल्या जाणाऱ्या चित्राचा आहे. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे असेल.

पण भारतात हा भाग २९ एप्रिलला सकाळी साडेसहा वाजता उपलब्ध झाला. एप्रिल अखेरीस सोलापुरात त्या वेळेला ऊन दारात उभे असते. आमच्यापैकी एकाने खिडकीला पडद्यावरून जाड चादर टांगली, दुसरा मोबाईल घेऊन पांघरुणात शिरला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. शिवाय त्या दिवशी आमच्या भागात नळाला पाणी यायचे होते, त्यामुळे मृतांची फौज तटावर चढत असताना माझे अर्धे लक्ष टाकीच्या आवाजाकडे होते. नंतर रात्री दिवे मालवून मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर तो भाग पुष्कळ बरा वाटला. डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी दूरवर एकेक करून विझत जातात, ते दृश्य अंधाराशिवाय शक्यच नव्हते.

नाइट किंगला आर्याने मारणे चूक होते का?

नाइट किंग हा मृतांच्या फौजेचा म्होरक्या. त्याच्या शेवटावर आमच्यात आजही दोन तट आहेत. ज्यांना ते खटकते त्यांचे म्हणणे असे, की त्या शत्रूला समोरून भिडलेला, त्याच्यासाठी सगळ्या घराण्यांना जोडत फिरलेला माणूस जॉन होता. मग त्याला ओरडत बसवून शेवटचा घाव दुसऱ्याच कोणी का घालावा? ज्यांना पटते ते सांगतात, की आर्या सहा पर्वे मृत्यूचेच शिक्षण घेत होती, खंजीर तिला सातव्या पर्वात ब्रॅननेच दिला होता, आणि तिसऱ्या पर्वात मेलिसांड्रे या जादूगारणीने तिला तपकिरी, निळे आणि हिरवे डोळे मिटवशील असे सांगून ठेवले होते.

मला खुनी कोण हा मुद्दा गौण वाटतो. पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्यापासून ज्या संकटाची भीती घातली ते एका रात्रीत संपले, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी त्याचा उल्लेखही करेना, हे अधिक खटकते. बाकी, आर्या हे नाव ऐकून अमेरिकेत कौतुकाने मुलींची नावे ठेवली गेली याचे आम्हाला नवल वाटले नाही. आमच्या गल्लीत मालिकेच्या आधीपासून दोन आर्या होत्या.

डेनेरीसने शहर का जाळले? ती वेडी झाली, हे पटते का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही.

प्रथम निर्मात्यांच्या बाजूने. डेनेरीस ही गादी गमावलेल्या राजघराण्याची, पुढे तीन ड्रॅगन बाळगणारी वारस. पहिल्या पर्वात ती आपल्या भावाच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जाताना निर्विकारपणे पाहते. चौथ्या पर्वात ती १६३ धनिकांना खांबांवर खिळवते, कारण त्यांनी तितकीच मुले खिळवली होती. सातव्या पर्वात गुडघे न टेकणाऱ्या टार्ली बापलेकांना ती ड्रॅगनच्या आगीत उभे जाळते. प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवल्या, कारण मरणारा दुष्ट होता किंवा निदान तिच्या वाटेत आलेला होता. शेवटच्या भागात टिरियन जॉनला नेमके हेच बजावतो. दुसऱ्या वेळी पाहताना या टाळ्या आठवून थोडे ओशाळायला होते, आणि ती मालिकेची कमाई आहे. तिच्या बापानेही, म्हणजे जेमीने मारलेल्या त्या वेड्या राजानेही, ‘सगळ्यांना जाळा’ म्हणतच प्राण सोडला होता.

आता चाहत्यांच्या बाजूने. आधीच्या प्रत्येक क्रौर्याला लक्ष्य होते. ती मालकांना मारत होती, गुलामांना नाही. बेड्या तोडणारी म्हणून तर तिची ओळख होती. १२ मे २०१९ च्या भागात मात्र शरणागतीची घंटा वाजून गेलेली आहे, सर्सी समोरच्या राजवाड्यात उभी आहे, आणि डेनेरीस ड्रॅगन सरळ तिच्यावर न नेता गल्लीबोळांतल्या माणसांवर नेते. त्याआधीच्या काही भागांत तिने जोरा व मिसांदे हे विश्वासू साथीदार आणि दुसरा ड्रॅगन गमावला आहे, आणि जॉन हा आपल्याच थोरल्या भावाचा, रेगारचा, मुलगा असल्याचे कळल्यामुळे तिचा हक्कच डळमळला आहे. कारणे पुरेशी आहेत. पण त्या कारणांना मुरायला वेळच मिळत नाही. लोणचे घातल्या दिवशीच बरणी उघडून चव बरोबर लागत नाही म्हणावे, तसा हा प्रकार आहे : फोडी कच्च्या, मसाला वेगळा, दोन्ही आपापल्या जागी ठीक.

माझे उत्तर असे, की तिचा जॉनच्या हातून झालेला शेवट योग्य होता आणि तिथवरची वाट अपुरी. घंटा वाजल्यानंतर तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा काही क्षण थांबतो आणि मग शहर जळेपर्यंत आपण तिला जवळून पाहत नाही. पाठीवर बसलेली बाई दिसेनाशी होते, नुसता ड्रॅगन दिसतो. ज्या पात्राबरोबर आपण आठ पर्वे चाललो, त्याच्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या वेळी आपल्याला त्याच्या मनाबाहेर उभे केले गेले, आणि बहुतेकांच्या रागाचे मूळ मला इथे दिसते. अमेरिकेत ज्यांनी डेनेरीसच्या पदवीवरून आपल्या लेकींची नावे खलीसी ठेवली होती त्या आईबापांना वार्ताहर विचारू लागले, आता काय वाटते? त्या मुलींचा यात काय दोष?

ब्रॅन राजा कसा झाला?

टिरियनच्या एका भाषणामुळे. लोकांना एकत्र बांधते ती गोष्ट, आणि ब्रॅनइतकी मोठी गोष्ट कोणाची आहे, असा त्याचा युक्तिवाद. पण पाचव्या पर्वात ब्रॅन एकाही भागात दिसत नाही, आणि आर्या, सान्सा, जॉन हे तिघे त्याच सभेच्या आसपास असताना हा युक्तिवाद ऐकून आमच्यातला एक जण चहाचा कप हातात धरून नुसता हसत राहिला. ब्रॅनचे काम करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइट यालाही संहिता वाचताना हा विनोद वाटला होता, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

भारतात तो शेवटचा भाग २० मे २०१९ च्या सकाळी आला. आदल्या संध्याकाळीच लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या जाहीर झाल्या होत्या आणि निकाल २३ तारखेला होता. वेस्टेरॉसमध्ये लोकांनाच राजा निवडू द्यावा असे जॉनचा मित्र सॅम सुचवतो आणि सगळे सरदार खदखदून हसतात, तेव्हा महिनाभरापूर्वी बोटाला शाई लावून आलेल्या आम्हा सोलापूरकरांना ते हसू जरा जास्तच टोचले.

भाग कमी केले म्हणून सगळे बिघडले का?

पहिली सहा पर्वे दहा-दहा भागांची होती, सातवे सात भागांचे, आठवे सहाचे. मार्टिन यांना मालिका आणखी काही पर्वे चालावी असे वाटत होते आणि एचबीओ या वाहिनीचीही तयारी होती. थोडक्यात संपवण्याचा निर्णय बेनिऑफ आणि वाइस यांचा होता.

परिणाम अंतरांवर आधी दिसला. पहिल्या पर्वात राजाचा लवाजमा उत्तरेकडून राजधानीकडे निघतो तेव्हा वाटेत एवढ्या गोष्टी घडतात की प्रवास हेच कथानक होते. सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात भिंतीपलीकडे अडकलेल्यांपैकी एक जण धावत जातो, पक्षी निरोप घेऊन खंडभर उडतो आणि डेनेरीस ड्रॅगनवरून तितकेच अंतर कापून वेळेवर पोहोचते. सोलापूरहून पुण्याला अडीचशे किलोमीटर जायला अर्धा दिवस मोडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पाहताना हसू आवरत नाही. दिग्दर्शक ॲलन टेलर यांनीही काळाचे गणित ओढूनताणून बसवल्याचे मान्य केले. अंतर नाहीसे झाले की विचार करायला लागणारा वेळही नाहीसा होतो, आणि मग पात्रांचे निर्णय घाईचे वाटू लागतात.

आठवे पर्व पुन्हा बनवा, ही याचिका काय होती?

सक्षम लेखकांकडून शेवटचे पर्व नव्याने लिहून घ्यावे, अशी ती ऑनलाइन मागणी होती आणि तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सान्साचे काम करणाऱ्या सोफी टर्नरने ती शेकडो कामगारांच्या कष्टांचा अनादर करणारी असल्याचे म्हटले, आणि त्यात तथ्य आहे. त्याच वर्षी त्याच पर्वाला एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची विक्रमी ३२ नामांकने मिळाली, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा पुरस्कारही मिळाला आणि पीटर डिंकलेजला टिरियनसाठी चौथी एमी. चौथ्या भागात मेजवानीच्या टेबलावर राहून गेलेल्या कॉफीच्या कपाबद्दलही विचारले जाते. तो नंतर चित्रातून पुसण्यात आला. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखे काही नाही.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’बाबतही चाहते भांडतात का?

भांडतात, पण बाजू घेऊन. २१ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेली ही मालिका डेनेरीसच्या जन्माच्या १७२ वर्षे आधीची आहे आणि एकाच घराण्यातल्या ‘काळे’ व ‘हिरवे’ या दोन पक्षांचा वारसाहक्काचा तंटा तिच्यात आहे. शेवट काय होणार हे छापून आलेले असल्यामुळे इथे वाद होतो तो बदलांवर. दुसऱ्या पर्वातील राजपुत्राच्या हत्येत पुस्तकातला धाकटा भाऊच गाळला गेला, त्यामुळे आईने दोन मुलांपैकी एकाची निवड करण्याचा भयंकर क्षणही गेला. मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर जाहीर नाराजी लिहिली आणि ते लिखाण थोड्याच वेळात काढून टाकले गेले. पुन्हा पुठ्ठा गाळल्याचीच तक्रार, फक्त या वेळी ती खुद्द लेखकाची.

घरातल्या सगळ्यांसोबत बसून पाहता येईल का?

नाही.

पुन्हा पाहायला घेतली तर कुठे थांबावे?

आमच्यातले काही जण सहाव्या पर्वाच्या शेवटी थांबतात : डेनेरीसची जहाजे निघालेली, जॉनचा जन्म उघड झालेला, सर्सी राखेवर सिंहासनस्थ. तो शेवट म्हणून चालून जातो. मी स्वतः आठव्या पर्वाच्या दुसऱ्या भागापर्यंत जातो. लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती सगळे बसलेले असतात, जेमी ब्रिएनला गुडघ्यावर बसायला सांगतो, टॉरमंड टाळ्या वाजवतो, पॉड्रिक गाणे म्हणतो आणि मृतांची फौज अजून तटापर्यंत पोहोचलेली नसते. तिथे मी टीव्ही बंद करतो. पण दर वेळी जमतेच असे नाही. मागच्या उन्हाळ्यात भाच्याने रिमोट दिला नाही आणि शेवटपर्यंत पाहावे लागले.